हद्द बदलली की वेग बदलतो



आजची गोष्ट अंबाल्यापासून सुरू करू. दिल्लीहून निघालेला जुना ग्रँड ट्रंक रोड सोनिपत, पानिपत, कर्नाल, कुरुक्षेत्र असा अंबाल्याला येतो. पानिपतची पाटी आली की आपण मराठी माणसं गाडीत जरा गप्प होतो, तोच हा रस्ता. अंबाल्याला तो सोडून चंडीगडकडे वळलं की पुढचं अंतर साधारण पंचेचाळीस किलोमीटर आहे. पण या पंचेचाळीस किलोमीटरमध्ये तीन सरकारं भेटतात. अंबाला हरियाणात, डेराबस्सी आणि झिरकपूर पंजाबात, त्यानंतर चंडीगड हा केंद्रशासित प्रदेश. झिरकपूरहून चंडीगडात न शिरता सिमल्याच्या रस्त्याला लागलात तर पंचकुला, म्हणजे पुन्हा हरियाणा.

मी पहिल्यांदा या वाटेने गेलो ते टॅक्सीने. चालक पन्नाशीचा, मुरलेला माणूस. अंबाल्यापासून गाडीचा काटा शंभराच्या आसपास होता आणि त्यांचा सीटबेल्ट खिडकीपाशी लोंबत होता. झिरकपूरचा उड्डाणपूल मागे पडला आणि मी काही बोलायच्या आत तीन गोष्टी झाल्या. त्यांनी बेल्ट ओढून लावला, गाडी साठाच्या खाली आणली आणि मागे वळून मला म्हणाले, "बेल्ट लगा लो जी." मी विचारलं, आत्ताच का? ते म्हणाले, "आगे चंडीगढ़ है."

एवढंच उत्तर. माणूस तोच, गाडी तीच, आणि देशाचा मोटार वाहन कायदाही तोच. मग बदललं काय? या प्रश्नाच्या मागे मी लागलो आणि तो मला थेट इंग्लंडातल्या लाल निशाणापर्यंत घेऊन गेला. आज तोच प्रवास तुमच्यासमोर मांडतो.

सायकलवरचा शिपाई

वेगमर्यादा ही मोटारीपेक्षाही जुनी आहे. इंग्लंडने १८६५ साली रस्त्यावर धावणाऱ्या वाफेच्या इंजिनांसाठी कायदा केला. गावाबाहेर ताशी चार मैल, गावात ताशी दोन मैल, आणि इंजिनाच्या पुढे साठ यार्डांवर एक माणूस लाल निशाण घेऊन चालणार. म्हणजे वाहनाचा वेग किती, तर चालणाऱ्या माणसाएवढा.

पुढे मोटारी आल्या तरी कायदा तोच राहिला. जानेवारी १८९६ मध्ये केंट परगण्यात वॉल्टर अर्नोल्ड नावाच्या गृहस्थांनी दोन मैलांची मर्यादा असलेल्या वस्तीतून ताशी आठ मैल वेगाने मोटार नेली. एका शिपायाने सायकलवरून पाठलाग करून त्यांना गाठलं. वेगासाठी त्यांना एक शिलिंग दंड झाला. भरधाव मोटारीबद्दल झालेला हा पहिला दंड मानला जातो. त्याच वर्षी मर्यादा वाढून चौदा मैल झाली आणि १९०३ च्या कायद्याने ती वीस मैलांवर गेली.

आता मर्यादा आली म्हणजे ती मोजणं आलं. पोलीस रस्त्यावर एक ठरावीक अंतर आखायचे, कुंपणाआड लपायचे आणि घड्याळ लावून गाडीचा वेग काढायचे. त्यावर मोटारवाल्यांनी काय केलं? १९०५ साली संघटना काढली, ऑटोमोबाइल असोसिएशन. तिची माणसं सायकलवरून फिरायची आणि पुढे पोलीस दबा धरून बसले असतील तर येणाऱ्या सभासदाला इशारा द्यायची. १९१० साली न्यायालयाने सांगितलं की असा इशारा देणं म्हणजे पोलिसांच्या कामात अडथळा आणणं. मग संघटनेने युक्ती बदलली. एरवी तिचा माणूस सभासदाची गाडी दिसली की सलाम करायचा. आता नियम असा झाला की सलाम केला नाही तर समजा, थांबा, विचारा. सलाम न करणं हा काही गुन्हा होऊ शकत नव्हता!

हे ऐकून तुम्हाला हसू आलं असेल, पण आपण तेच करतो. नगर रोडला असो वा नाशिक हायवेला, समोरून येणारा ट्रकवाला दोनदा डिपर मारतो आणि आपण ब्रेकवर पाय ठेवतो. पुढे इंटरसेप्टर उभी आहे हे कळतं. आपण त्याचे मनोमन आभार मानतो आणि दोन किलोमीटरवर पुन्हा पाय दाबतो. एकशे वीस वर्षांत खेळ तोच राहिला आहे. पोलीस कुठे आहे ते ओळखायचं आणि तेवढ्यापुरतं सभ्य व्हायचं.

आपल्या कायद्यात या जुन्या खेळाची एक खूण अजून आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १८३ सांगतं की एकट्या साक्षीदाराने "मला गाडी जोरात वाटली" असं म्हटल्यावरून कुणाला दोषी ठरवता येणार नाही. त्याचा अंदाज यंत्राच्या आधारे काढलेला असला पाहिजे. म्हणून स्पीडगन लागते. जुलै २०२५ पासून या रडार यंत्रांनाही वैधमापनशास्त्राच्या नियमांखाली पडताळणी आणि मुद्रांकन लागू झालं. वाण्याच्या वजनाला जसा सरकारी शिक्का लागतो, तसाच आता पोलिसांच्या स्पीडगनला लागतो.

एक कायदा, अनेक पोलीस

भारतात मोटारी आल्या त्या एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी. देशभरासाठी पहिला कायदा १९१४ चा, नंतरचा सविस्तर कायदा १९३९ चा आणि आजचा १९८८ चा, जो १ जुलै १९८९ पासून लागू झाला.

पण आपल्या प्रश्नाचं उत्तर या कायद्यांत नाही, ते संविधानाच्या सातव्या अनुसूचीत आहे. तिथे तीन याद्या आहेत. राष्ट्रीय महामार्ग केंद्राच्या यादीत आहेत. यांत्रिक वाहनं समवर्ती यादीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्याही अखत्यारीत. आणि पोलीस राज्याच्या यादीत. म्हणजे रस्ता केंद्राचा, कायदा दोघांचा आणि शिट्टी वाजवणारा माणूस राज्याचा.

याचा परिणाम पाहा. कलम ११२ प्रमाणे वेगाची कमाल मर्यादा केंद्र ठरवतं, पण राज्य आपल्या हद्दीत ती कमी करू शकतं. केंद्राने एप्रिल २०१८ मध्ये मोटारींसाठी द्रुतगती मार्गावर १२०, दुभाजक असलेल्या चार पदरी रस्त्यावर १०० आणि शहरी रस्त्यावर ७० अशी कमाल मर्यादा सांगितली. चंडीगडने मात्र आपल्या दुभाजकाच्या मोठ्या रस्त्यांवरही मोटारींना ६० एवढीच मुभा ठेवली. दंडाचंही तसंच आहे. रक्कम कायद्यात असते, पण खटला न चालवता जागेवर तडजोड करून किती घ्यायचे, हे कलम २०० प्रमाणे राज्य ठरवतं. आणि किती पोलीस, किती गाड्या, किती कॅमेरे लावायचे, हे तर पूर्णपणे राज्याच्या तिजोरीवर आणि इच्छेवर.

म्हणून "भारतात वेगाबद्दल किती कडक पोलीस आहेत" या प्रश्नाला एक उत्तर नाही. राज्यागणिक उत्तर वेगळं आहे. फक्त बाकी देशात हा फरक कळायला दिवसभर गाडी चालवावी लागते, चंडीगडपाशी तो अर्ध्या तासात कळतो.

वेगासाठी आखलेलं शहर

आता चंडीगडच इतकं कडक का, ते बघू.

फाळणीत लाहोर गेलं आणि भारतातल्या पंजाबला राजधानी उरली नाही. नवं शहर वसवायचं ठरलं. ले कॉर्ब्युझिए हे वास्तुरचनाकार १९५१ च्या फेब्रुवारीत इथे आले. त्यांनी शहराचे आयताकृती सेक्टर पाडले, साधारण ८०० मीटर बाय १२०० मीटरचे, आणि रस्त्यांची सात प्रकारांत विभागणी केली. व्ही-१ म्हणजे दुसऱ्या गावांना जोडणारे रस्ते. व्ही-२ म्हणजे मध्य मार्ग, जन मार्ग यांसारखे प्रशस्त हमरस्ते. व्ही-३ म्हणजे सेक्टरला चारही बाजूंनी वेढणारे, केवळ जलद वाहतुकीसाठीचे रस्ते. त्यांच्याकडे घराचं दार उघडायचं नाही, दुकानाचं तोंडही करायचं नाही. व्ही-४ बाजाराचा रस्ता, व्ही-५ आणि व्ही-६ घरांपर्यंत नेणारे, आणि व्ही-७ चालणाऱ्यांसाठी हिरवळीतून जाणारी वाट.

म्हणजे हे असं शहर आहे जिथे रस्त्याची वर्गवारीच वेगावरून झाली. आणि ही वर्गवारी झाली तेव्हा तिथे मोटारी किती असतील? जवळजवळ नव्हत्याच. सायकली होत्या, टांगे होते. आज चंडीगडची गणना माणशी सर्वाधिक मोटारी असलेल्या भारतीय शहरांत होते. कॉर्ब्युझिएंनी जलद वाहनांसाठी मोकळा ठेवलेला सरळसोट रस्ता आणि त्यावर पंजाबी हातातली ताकदवान गाडी, असं समीकरण जमलं. सरळ, रुंद, दोन्हीकडे झाडी, मध्ये दार नाही, दुकान नाही. असा रस्ता चालकाला सांगत असतो, "जा." आणि शेजारची पाटी सांगत असते, "साठ." रस्ता एक बोलतो, पाटी दुसरं. त्या दोघांमध्ये उभं राहायला पोलीस लागतो.

दुसरं कारण प्रशासनाचं. १ नोव्हेंबर १९६६ ला पंजाबचं विभाजन होऊन हरियाणा झालं आणि चंडीगड दोघांचीही राजधानी, पण स्वतः केंद्रशासित, असं ठरलं. १९८४ पासून पंजाबचे राज्यपालच इथले प्रशासक असतात. इथले पोलीस केंद्राच्या गृहखात्याच्या अखत्यारीत. लहान हद्द, मुबलक पोलीस आणि दंडाची पावती फाडल्यावर फोन करून "सोडा हो त्याला" म्हणणारा स्थानिक आमदार नाही, कारण चंडीगडला विधानसभाच नाही. शेवटचं कारण माझा अंदाज म्हणून घ्या, पण तिथल्या टॅक्सीवाल्यांशी बोललात तर तेही हेच सांगतील.

मार्च २०२२ मध्ये शहरात कॅमेऱ्यांचं एकत्रित नियंत्रण केंद्र सुरू झालं. चौकाचौकांत सिग्नल तोडणारे आणि ठरावीक रस्त्यांवर वेग मोडणारे यांची छायाचित्रं निघू लागली, पावती घरी येऊ लागली. त्याआधी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ साली सगळ्या राज्यांना सांगितलं होतं की भरधाव गाडीसाठी परवाना तीन महिने निलंबित करा. सूचना सगळ्यांनाच होती, चंडीगडने ती मनावर घेतली.

म्हणून चंडीगड सज्जन आहे असं मात्र समजू नका. एक किस्सा सांगतो. हरमन सिंग सिद्धू हे चंडीगडचे रस्ता सुरक्षा कार्यकर्ते. १९९६ च्या अपघातानंतर ते स्वतः चाकाच्या खुर्चीत आहेत. महामार्गालगतची दारूची दुकानं हटवा म्हणून ते न्यायालयात गेले. १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून पाचशे मीटरच्या आतली दुकानं बंद करण्याचा आदेश दिला. मार्च २०१७ मध्ये चंडीगड प्रशासनाने काय केलं? शहरातल्या राज्य महामार्गांना "प्रमुख जिल्हा रस्ते" असं नवं नाव दिलं. रस्ता तिथेच, दुकान तिथेच, फक्त महामार्ग नाहीसा झाला. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही पालिकेच्या हद्दीला तो आदेश लागू नाही असं स्पष्ट केलं. वेगाला कडक असणारं तेच शहर महसुलाचा प्रश्न आल्यावर किती लवचिक झालं, ते यावरून दिसतं. कडकपणा हा कुठल्याही शहराचा स्वभाव नसतो, तो प्रत्येक वेळी घेतलेला निर्णय असतो.

१ सप्टेंबर २०१९

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे येतो, आणि ही जरा दुखरी आहे.

३ जून २०१४. केंद्रात मंत्री होऊन आठवडाच झालेले गोपीनाथ मुंडे सकाळी दिल्लीत विमानतळाकडे निघाले होते. बीडमध्ये त्यांचा सत्कार होता. चौकात दुसरी गाडी त्यांच्या गाडीवर आदळली. ते मागच्या सीटवर होते. ते वाचले नाहीत. बीड-परळीच्या घराघरांत त्या दिवशी काय झालं ते इथल्या अनेकांना आठवत असेल.

त्या मृत्यूनंतर नितीन गडकरींनी नव्या, कठोर वाहन कायद्याची घोषणा केली. पाच वर्षं मसुदे, विरोध, बदल असं होत होत २०१९ मध्ये दुरुस्ती मंजूर झाली. आधी वेग मोडल्याचा पहिला दंड होता जास्तीत जास्त चारशे रुपये. आता तो हलक्या वाहनांना एक ते दोन हजार आणि अवजड वाहनांना दोन ते चार हजार झाला. पुन्हा गुन्हा केला तर परवाना जप्त.

१ सप्टेंबर २०१९ ला हे लागू झालं. आणि आपल्या पंचेचाळीस किलोमीटरच्या रस्त्यावर काय झालं ते बघा. हरियाणाने नवे दर लावले. चंडीगड केंद्रशासित, तिथेही ते लगेच लागू. मधल्या पंजाबने ते थांबवले आणि वर्षाच्या अखेरीस आपले दर जाहीर केले. म्हणजे त्या शरद ऋतूत अंबाल्याहून निघालेला माणूस नव्या दंडातून जुन्या दंडात आणि पुन्हा नव्या दंडात जात होता. गुन्हा एकच, किंमत तीन ठिकाणी वेगळी.

आपण पंजाबला हसू शकत नाही. गुजरातने दहा दिवसांत दंड कमी केले. आणि महाराष्ट्राने? परिवहन मंत्री दिवाकर रावते यांनी गडकरींना पत्र लिहून फेरविचार करायला सांगितलं आणि आपल्याकडे अंमलबजावणी थांबली. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. नवे दर महाराष्ट्रात लागू झाले ते डिसेंबर २०२१ मध्ये. बीडच्या नेत्याच्या मृत्यूनंतर हालचाल सुरू झाली, नागपूरच्या मंत्र्याने कायदा आणला, आणि त्यांच्याच राज्यात तो यायला सव्वादोन वर्षं जास्त लागली.

दंड मोठा की खात्री मोठी

इथे एक प्रश्न येतो. दंड वाढवला की वेग कमी होतो का?

परदेशातलं एक उदाहरण घेऊ. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत निक्सन यांनी जानेवारी १९७४ मध्ये देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा आणली. हेतू पेट्रोल वाचवण्याचा होता. पण १९७३ मध्ये रस्त्यावर ५४,००० हून अधिक माणसं गेली होती, ती संख्या १९७४ मध्ये ४५,००० च्या आसपास आली. संकटामुळे लोक फिरलेही कमी, हे खरं, तरी कमी वेगाचाही त्यात वाटा होता. तिकडेही कायदा केंद्राचा आणि पोलीस राज्यांचे. मोंटाना या विरळ वस्तीच्या राज्याला मर्यादा नको होती, पण ती नाकारली तर रस्त्यांचा केंद्रीय निधी गेला असता. म्हणून त्यांनी दिवसा वेग मोडल्याचा दंड ठेवला पाच डॉलर, तोही "इंधनाची नासाडी" केल्याबद्दल. चालक पाच डॉलर देऊन पुढे निघायचे. कायदा पुस्तकात होता, रस्त्यावर नव्हता.

आता उलट बाजू. आपली हजारो मराठी कुटुंबं संयुक्त अरब अमिरातीत आहेत, ती हे रोज अनुभवतात. तिथे पाटीवरच्या आकड्यापेक्षा ताशी वीस किलोमीटरपर्यंत जास्त गेलात तर कॅमेरा सोडून देतो. अबू धाबीने ऑगस्ट २०१८ मध्ये ही सूट काढून टाकली आणि पाट्यांवरचे आकडे वाढवले. पाटीवर जे आहे तेच खरं. दुबईत सूट राहिली. दुबईहून अबू धाबीला जाणारा माणूस हद्द ओलांडताना आपल्या टॅक्सीवाल्यासारखाच काट्याकडे बघतो. फरक एवढाच की तिथे दोन्हीकडे कॅमेरा आहे हे त्याला माहीत असतं. तो दंडाच्या आकड्यापेक्षा त्या खात्रीला जास्त घाबरतो.

माझं म्हणणं या एका गोष्टीवर येतं. चालक दंडाची रक्कम मोजत नाही, पकडलं जाण्याची शक्यता मोजतो. माझ्या टॅक्सीवाल्यांना झिरकपुरातही दंड होऊ शकत होता. पण तिथे तो "झाला तर झाला" होता आणि चंडीगडात "होणारच" होता. या दोन शब्दांमध्ये ताशी चाळीस किलोमीटरचा फरक आहे.

आणि हा फरक लहान नाही. साठाचा वेग ऐंशी केला तर वाढ दिसते एक तृतीयांश, पण धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून ती पावणेदोन पटींच्याही वर जाते. २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यांतले ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यू सरकारी नोंदीत अतिवेगाच्या नावे आहेत. पोलिसांची नोंद कधी घाईची असते, खड्डा आणि वळण यांचं पापही वेगाच्या खात्यात जातं, हे मान्य. तरीही आकडा डोळे उघडणारा आहे. चंडीगडात वर्षाला शंभराच्या आत माणसं जातात, पंजाबात साडेचार हजारांच्या वर. लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिलं तरी पंजाबचा दर चंडीगडच्या दुपटीच्या आसपास येतो. शहर आणि महामार्ग यांची तुलना सरळ होत नाही, पण जखमी माणूस त्या रेषेच्या अलीकडचा की पलीकडचा हे हाड मोडताना कुणी विचारत नाही.

तीस किलोमीटरवर एक गाडी

पंजाबनेही पुढे दोन वेगळे प्रयोग केले.

पहिला जुलै २०२२ चा. वेग मोडला तर दंड आणि तीन महिने परवाना निलंबित, पण तेवढ्यावर सुटका नाही. उजळणीचा वर्ग करायचा, नववी ते बारावीच्या किमान वीस विद्यार्थ्यांना दोन तास वाहतुकीचे नियम शिकवायचे, आणि त्यावर रुग्णालयात दोन तास सेवा करायची किंवा एक बाटली रक्त द्यायचं. कल्पना मोठी सुंदर आहे. दंड विसरता येतो, पण अपघात विभागात घालवलेले दोन तास विसरता येत नाहीत. अडचण एवढीच की ही शिक्षा ज्याला पकडलं त्यालाच होणार, आणि मूळ प्रश्न पकडण्याचाच आहे.

दुसरा प्रयोग त्या मूळ प्रश्नाला भिडतो. जानेवारी २०२४ मध्ये जालंधरला "सडक सुरख्या फोर्स" या दलाची सुरुवात झाली. १४४ गाड्या, महामार्गावर साधारण दर तीस किलोमीटरला एक. काही गाड्यांत वेग मोजायची यंत्रं, बाकीच्यांत जखमींना बाहेर काढायची आणि प्रथमोपचाराची साधनं. राज्य सरकार मृत्यूंत मोठी घट झाल्याचं सांगतं. सरकारचे आकडे सरकारचेच असतात, त्यांची तपासणी इतरांनी करावी. पण रचना मला योग्य वाटते. दंड घेणारा आणि जीव वाचवणारा एकाच गाडीतून उतरतो. त्यामुळे "हे वसुलीला उभे आहेत" ही चालकाच्या मनातली अढी थोडी तरी सुटते.

आपल्याकडे ही अढी फार मोठी आहे. समृद्धी महामार्गाचं पहिलं अंतर, नागपूर ते शिर्डी, ११ डिसेंबर २०२२ ला खुलं झालं. मर्यादा १२०. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्री बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ जण गेले, तेव्हा आपण आठवडाभर वेग, झोप, टायर यांवर बोललो. जुलै २०२४ पासून मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कमानींवरचे कॅमेरे आले, आणि लगेच घराघरांत पावत्यांचीच चर्चा सुरू झाली. दोन ठिकाणांमधला सरासरी वेग काढायची सोयही त्या यंत्रणेत आहे, म्हणजे कमानीखाली ब्रेक आणि पुढे सुसाट, ही आपली युक्ती तिथे चालत नाही. आणि तरी राज्यात थकलेल्या ई-चलानांची रक्कम हजारो कोटींत आहे. छायाचित्र निघतं, संदेश येतो, आणि आपण लोक अदालतीची वाट बघतो. पाहणारा डोळा आला, पण "होणारच" हा शब्द अजून आला नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. कॅमेरे कसे लावावेत याचे नियम २०२१ साली आले. आधी सूचनेची पाटी हवी, यंत्राला प्रमाणपत्र हवं, पंधरा दिवसांच्या आत नोटीस हवी. सहा महिन्यांनी एकदम दहा पावत्या आल्या तर माणूस सुधारत नाही, चिडतो. शिस्त लावायची तर आधी यंत्रणेला शिस्त हवी. पाटी झाडामागे आणि कॅमेरा झाडावर असेल, तर ते इंग्लंडातल्या कुंपणाआडच्या शिपायाचंच नवं रूप झालं.

द्रुतगती मार्गाने उलट दिशेचाही धडा दिला आहे. २०१६ मध्ये तिथे १५१ माणसं गेली होती. त्यानंतर सेव्हलाइफ फाउंडेशन, राज्य रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलीस यांनी "शून्य मृत्यू" हे ध्येय ठेवून काम केलं. कठडे, उभ्या ट्रकांवर कारवाई, वेगावर नजर, जखमीला लवकर मदत. पुढच्या वर्षांत मृत्यूंचा आकडा निम्म्याहून खाली आला. त्या काळात कायद्याची भाषा फारशी बदललेली नव्हती. त्या ९४ किलोमीटरवर रोज कुणीतरी बघत होतं, हा बदल होता.

परतीचा रस्ता

चंडीगडातलं माझं काम संपलं आणि मी त्याच टॅक्सीने परत निघालो. मध्य मार्गावर काटा अठ्ठावन्न, एकोणसाठ. चौकात पिवळा दिवा दिसताच गाडी थांबली. झिरकपूर जवळ आलं, तसा त्यांचा हात बेल्टच्या बटणाकडे गेला.

मी म्हटलं, "भाईसाहब, राहू द्या ना. मला बरं वाटेल."

त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं, जरा हसले आणि हात मागे घेतला. वेग मात्र वाढला, शंभर नाही तरी नव्वदपर्यंत. डेराबस्सीच्या पुढे समोरच्या ट्रकने दोनदा डिपर मारला, काटा पुन्हा सत्तरवर. पुढे एका झाडाखाली पोलिसांची गाडी उभी होती. त्यांनी ट्रकवाल्याला हात केला. एकशे वीस वर्षांपूर्वीचा तो सलाम मला तिथे भेटला.

तुमच्या भागात कोणत्या वळणावर लोक वेग कमी करतात, आणि कोणत्या पाटीनंतर पुन्हा वाढवतात? कोल्हापूरहून निपाणीकडे जाताना, सावंतवाडीहून गोव्यात शिरताना, नागपूरहून शिवनीकडे जाताना? ती जागा तुम्हाला माहीत असते. मला जरूर लिहा, कारण राज्याराज्यांतल्या कडकपणाचा खरा नकाशा सरकारी कागदांपेक्षा तुमच्या उजव्या पायाला जास्त ठाऊक आहे.

आणि पुढच्या वेळी त्या जागेवरून जाल, तेव्हा पाटी ओलांडल्यावरही पाय जिथे होता तिथेच ठेवून बघा. मागच्या सीटवर कुणीतरी आपलं बसलेलं असतं.

पुढच्या भागात भेटू.